साओ पाउलोचे चित्रकथाकार बंधू

'भाऊबंदकी' हा आपल्या भाषेंतला शब्द मोठा मासलेवाईक आहे. भाऊबंद म्हणजे वास्तविक जिव्हाळ्याचीं माणसें. पण त्याच शब्दाला एक प्रत्यय लागला कीं डोळ्यांपुढें येतात त्या वाटण्या, अबोला आणि कोर्टकचेऱ्या. शेताचा बांध मोजतां येतो, घराच्या खोल्या वांटून घेतां येतात, दुकानाची पुंजीहि हिशेबानें विभागतां येते. आणि तरीहि सख्खे भाऊ दुरावतात. मग ज्या धंद्यांत मोजण्यासारखें कांहींच नसतें, जेथें भांडवल म्हणजे मनांतली कल्पना आणि हातांतली रेषा एवढेंच, तेथें दोघां भावांनीं एकत्र कसें नांदावें? या प्रश्नाचें एक उत्तर ब्राझिल देशांतल्या दोघां जुळ्या भावांनीं आपल्या कामानें दिलें आहे. तें ऐकण्यासारखें आहे.

महाराष्ट्रांतील जुन्या घरांस चित्रकार भावांच्या एका जोडीची ओळख आहे, परंतु ती अर्धीच. लक्ष्मीचीं आणि सरस्वतीचीं रंगीत चित्रें पिढ्यान्‌पिढ्या देवघरांत व दिवाणखान्यांत टांगलेलीं होतीं. तीं राजा रविवर्म्याचीं, हें सर्वांस ठाऊक असतें. १८९४ सालीं मुंबईंत निघालेला आणि पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेला त्याचा शिळाछापखानाहि पुष्कळांच्या ऐकिवांत असतो. परंतु रविवर्म्याचा धाकटा भाऊ राजराज वर्मा हा स्वतः चांगला चित्रकार होता, निसर्गदृश्यांत त्याचा हातखंडा होता, वडील भावाच्या प्रवासांत व कामांत तो सदैव बरोबर असे आणि त्या दिवसांची रोजनिशी त्यानेंच लिहून ठेविली, हें फार थोड्यांस माहीत असतें. १९०५ सालीं धाकटा गेला; पुढल्याच वर्षीं थोरला गेला. या भावांत बेबनाव नव्हता. परंतु एकाचें नांव घरोघर झालें आणि दुसरा सावलींत राहिला. एकानें पुढें उभें राहावें व दुसऱ्यानें मागें, असा भावांच्या सहकार्याचा हा जुना नमुना होय. साओ पाउलोच्या बंधूंनीं निराळा नमुना घालून दिला.

फाबियो मून आणि गाब्रिएल बा हे जुळे भाऊ ५ जून १९७६ रोजीं साओ पाउलो शहरांत जन्मले. दोघे भिन्न आडनांवें लावतात; त्यामुळें मुखपृष्ठावरचीं दोन नांवें वाचून हे सख्खे भाऊ असतील अशी शंकाहि परक्या वाचकास येत नाहीं. त्यांचा व्यवसाय चित्रकथेचा. एकामागून एक चौकटी, त्यांत चित्रें, पात्रांच्या मुखाजवळ फुगे आणि फुग्यांत त्यांचें बोलणें, अशी ही कथा असते. आपल्याकडील वडीलधाऱ्या माणसांस हा प्रकार अजूनहि पोरखेळ वाटतो; अभ्यासाच्या पुस्तकाखालीं लपवून वाचावयाची वस्तु, एवढीच तिची प्रतिष्ठा.

ब्राझिलांत मात्र ही परंपरा फार जुनी आहे. इटलींत जन्मलेल्या आंजेलो आगोस्तिनी या व्यंगचित्रकारानें १८६९ सालच्या ३० जानेवारीस तेथें चित्रमालिका सुरू केली, आणि त्या देशांत तो दिवस आजहि राष्ट्रीय चित्रकथेचा दिवस म्हणून पाळला जातो. १९०५ सालीं 'ओ तिको-तिको' हें मुलांचें नियतकालिक निघालें. पुढें १९५९ सालीं मौरिसियो दे सौझा या चित्रकाराच्या मालिका वृत्तपत्रांतून येऊं लागल्या. आपल्या मुलीच्या नांवावरून त्यानें १९६३ मध्यें निर्माण केलेली मोनिका ही खोडकर मुलगी घरोघर जाऊन पोंचली. म्हणजे मुलांसाठीं चित्रकथा काढून उत्तम संसार करतां येतो हें तेथें सिद्ध झालेलें होतें. परंतु आपल्या शहरांतील, आपल्या वयाच्या माणसांच्या साध्या गोष्टी, त्यांचें प्रेम, मैत्री आणि निराशा चित्रांतून सांगाव्या आणि त्यावर पोट भरावें, ही वाट अरुंद होती. या दोघां तरुणांनीं नेमकी तीच वाट धरली.

आरंभ अगदीं लहान होता. १९९७ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, त्यांनीं स्वतःच एक पत्रिका काढली. तिच्या पोर्तुगीज नांवाचा अर्थ 'दहा छोटे पाव' असा आहे. आपल्या मराठींतला पाव हा शब्दहि त्याच भाषेंतून आला, हें श्रोत्यांस ठाऊक असेलच. अशा पत्रिकेस प्रकाशक नसतो. लिहिणारानेंच लिहावयाचें, काढणारानेंच काढावयाचें, प्रती निघाल्या कीं घड्या घालून टांचावयाच्या आणि ओळखीपाळखीच्या माणसांच्या हातीं द्यावयाच्या. यांत द्रव्यलाभ नसतो. परंतु शिक्षण मोठें असतें. अंक ठरल्या दिवशीं निघाला पाहिजे, म्हणून स्फूर्तीची वाट पाहत बसतां येत नाहीं. कागदावर सुरेख दिसणारी नाजूक रेषा प्रतींत पुसट होऊन जाते, म्हणून कोठें दाबावें आणि कोठें सोडावें हें हात शिकतो. आणि मुख्य म्हणजे वाचक कोणत्या चौकटीशीं थबकला, कोणत्या पानाशीं कंटाळला, हें समोर दिसतें.

या पत्रिकेंतूनच त्यांचीं पुढचीं पुस्तकें उगवलीं. 'सूर्यफूल आणि चंद्र' हें २००० सालीं निघालें. २००६ सालच्या एका पुस्तकाचें नांव 'दोघांसाठीं मेज' असें आहे, आणि या भावांच्या एकूण कामालाच तें नांव शोभण्यासारखें आहे.

त्यांच्या कामाची वांटणी कशी आहे, हें समजून घेण्यासारखें आहे. अमेरिकेंतील चित्रकथेच्या मोठ्या कंपन्यांत काम गिरणीच्या पद्धतीनें चालत आलेलें आहे. एकानें कथा लिहावी, दुसऱ्यानें शिसपेनीनें आंखणी करावी, तिसऱ्यानें शाई फिरवावी, चौथ्यानें रंग भरावे, पांचव्यानें फुग्यांतलीं अक्षरें काढावीं. प्रत्येकजण आपल्या पायरीवर उभा. या दोघां भावांपैकीं कोणीहि असा एका पायरीला बांधलेला नाहीं. फाबियो लिहितो आणि चित्रेंहि काढतो; गाब्रिएलहि लिहितो आणि चित्रेंहि काढतो. कथेचा विचार दोघे मिळून करतात. चित्रांचा भार कधीं एकाकडे तर कधीं दुसऱ्याकडे जातो.

जुळे असले तरी त्यांचे हात जुळे नाहींत. गाब्रिएलची रेषा कोनदार व धारदार. त्याच्या पानावर दाट काळ्या छाया पडतात आणि माणसांचीं नाकें-हनुवट्या दगडांत कोरल्यासारखीं दिसतात. फाबियोची रेषा ओल्या कुंचल्याची, वळणावळणानें वाहणारी. त्याचीं माणसें बोलण्याआधींच डोळ्यांनीं कांहीं सांगून जातात. एकमेकांची नक्कल करून दोघांचें काम एकाच हातचें दाखविणें त्यांस अशक्य नव्हतें. त्यांनीं तें केलें नाहीं. चित्र पाहतांच हें कोणाचें, हें जाणत्या वाचकास ओळखतां येतें, आणि या भेदांतच त्यांच्या भागीदारीचें बळ आहे. गोष्ट हातीं आली म्हणजे ती कोणत्या हाताला मानवेल, असा प्रश्न त्यांना विचारतां येतो. श्रेष्ठ कोण, हा प्रश्न मग मागें पडतो.

तथापि अशा जोडीची खरी परीक्षा दारिद्र्यांत होत नाहीं. ती एकाच्या दारीं आधीं यश आलें म्हणजे होते. तशी वेळ या भावांवर आली. मॅट फ्रॅक्शन या अमेरिकन लेखकाची 'कॅसानोव्हा' ही मालिका २००६ सालीं सुरू झाली. तिचीं चित्रें गाब्रिएलनें काढलीं. २००७ सालीं जेरार्ड वे या गायकानें लिहिलेल्या 'द अंब्रेला अकॅडमी' या मालिकेचीं चित्रेंहि त्याच्याकडे आलीं. ही एका विक्षिप्त धनिकानें पाळलेल्या सात मुलांची कथा. मोठेपणीं विखुरलेलीं, एकमेकांवर रुसलेलीं हीं भावंडें पालक पित्याच्या मृत्यूनंतर पुन्हां एका छपराखालीं येतात. ही मालिका अतिशय गाजली. पुढें २०१९ ते २०२४ या काळांत तिच्यावर नेटफ्लिक्सची दृश्यमालिकाहि झाली. म्हणजे एका भावाचें नांव एकाएकीं जगभर झालें. येथें दुसऱ्याच्या मनांत कांटा रुजावयास पुरेशी जागा होती.

या प्रसंगीं जें घडलें तें त्यांच्या कामाच्या यादींतच वाचावयास मिळतें. 'कॅसानोव्हा'चा दुसरा खंड फाबियोनें काढला. एका भावानें उभें केलेलें जग दुसऱ्यानें हातीं घेतलें, आणि तें आपल्या स्वतःच्या रेषेंत काढलें. पहिला खंड हिरव्या छटेंत छापलेला होता. दुसरा निळ्या छटेंत निघाला. वाचकांपासून कांहीं लपविलें नाहीं. २००८ सालीं चित्रकथेच्या क्षेत्रांतील आइस्नर पारितोषिकें जाहीर झालीं, तेव्हां गाब्रिएलच्या 'अंब्रेला अकॅडमी'स उत्कृष्ट मर्यादित मालिकेचें पारितोषिक मिळालें. जॉस व्हेडन या लेखकाबरोबर फाबियोनें केलेल्या 'शुगरशॉक'ला संगणकावरील चित्रकथेचें मिळालें. आणि या दोघांनीं आणखी तिघां चित्रकारांबरोबर मिळून काढलेल्या 'पांच' या नांवाच्या पुस्तिकेस संग्रहाचें पारितोषिक मिळालें. एकाचें स्वतंत्र, दुसऱ्याचें स्वतंत्र, आणि एक सामायिक, अशी ती तीन पारितोषिकें होतीं.

परदेशीं मागणी वाढत असतां त्यांनीं आपल्या भाषेकडे पाठ फिरविली नाहीं, हेंहि नमूद करावयास हवें. ब्राझिलचा थोर कथाकार माशादो दे आसिस यानें एकोणिसाव्या शतकांत एका वेड्यांच्या डॉक्टराची विनोदी आणि भेदक कथा लिहिली. हा विद्वान डॉक्टर एका लहान गांवीं वेड्यांचें इस्पितळ काढतो आणि शास्त्राच्या नांवाखालीं एकेकाला आंत घालतां घालतां बहुतेक गांवच आंत घालतो. शेवटीं इतरांस सोडून देऊन स्वतःच आंत जाऊन बसतो. दोघां भावांनीं २००७ मध्यें या कथेचें चित्ररूप केलें, आणि २००८ मध्यें त्याला जाबुती हें ब्राझिलमधील मानाचें वाङ्मयीन पारितोषिक मिळालें, तेंहि शालोपयोगी पुस्तकांच्या वर्गांत. जी वस्तु अभ्यासाच्या पुस्तकाखालीं लपवावी लागे, ती अशा रीतीनें अभ्यासाच्या पुस्तकांत जाऊन बसली.

दुसऱ्यांच्या कथांचीं चित्रें काढून हात तयार झाला, नांव झालें, चार पैसे गांठीं आले. त्यानंतर ते पुन्हां आपल्या मेजाशीं एकत्र बसले आणि 'डेट्रिपर' ही दहा अंकांची कथा त्यांनीं लिहिली. 'एका दिवसाचा प्रवासी' असा त्या नांवाचा अर्थ करतां येईल. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या प्रकाशन संस्थेनें ती काढली. पहिला अंक डिसेंबर २००९ मध्यें आला. लेखन दोघांचें, आंतील बहुतेक चित्रें फाबियोचीं, मुखपृष्ठें गाब्रिएलचीं, रंग डेव्ह स्टुअर्ट यांचे.

कथेचा नायक ब्रास हा साओ पाउलोच्या एका वर्तमानपत्रांत मृत्युलेख लिहिण्याचें काम करतो. बाप नामांकित साहित्यिक. मुलाला कादंबरीकार व्हावयाचें आहे, पण तो दिवसभर परक्यांच्या मरणाचे चार चार परिच्छेद लिहीत बसतो. पहिल्या अंकाच्या शेवटीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, तो अकस्मात् मरतो. दुसऱ्या अंकांत तो एकवीस वर्षांचा आहे, आणि शेवटीं पुन्हां मरतो. एका अंकांत तो अकरा वर्षांचा मुलगा आहे, आणि विजेच्या तारांत अडकलेला पतंग त्याचा घात करतो. संक्रांतीच्या सुमारास आपल्याकडील मुलांच्या मागें धांवणाऱ्या आईबापांस हें पान सोसवणें कठीण आहे. आणखी एका अंकांत ज्या दिवशीं त्याला पुत्र होतो त्याच दिवशीं त्याचा बाप जातो. शेवटच्या अंकांत तो शहात्तर वर्षांचा वृद्ध आहे. आयुष्य कोणत्याहि दिवशीं संपलें तरी त्या दिवसापर्यंतचें तें पूर्णच असतें, असें कांहीं ही कथा सुचविते, पण कोठेंहि उपदेश म्हणून सांगत नाहीं. २०११ सालीं तिला उत्कृष्ट मर्यादित मालिकेचें आइस्नर पारितोषिक मिळालें. 'दहा छोटे पाव' निघाल्यापासून या कथेच्या पहिल्या अंकापर्यंत बारा वर्षें गेलीं होतीं. हातावरची कला पोट भरूं लागण्यास किती काळ लागतो असें विचारणाऱ्या पालकांनीं हा आंकडा लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

एवढ्यावर थांबले असते तरी त्यांची कीर्ति टिकली असती. परंतु यापुढें त्यांनीं जो विषय घेतला तो सर्वांत अवघड होता. मिल्टन हातूम या ब्राझिली कादंबरीकाराची 'दोन भाऊ' ही कादंबरी २००० सालीं प्रसिद्ध झाली. ॲमेझॉनच्या खोऱ्यांत, रिओ नेग्रो नदीच्या कांठीं मनाउस नांवाचें शहर आहे; तेथें स्थायिक झालेल्या एका लेबनानी कुटुंबांतील जुळ्या भावांची ही कथा. याकूब थोरला, ओमार कांहीं क्षणांनीं धाकटा. आईचा जीव धाकट्यावर. एका मुलीवरून दोघांत हेवा पेटतो आणि ओमार फुटक्या बाटलीनें याकूबचा गाल फाडतो. बापाचा विचार दोघांनाहि दूर पाठवावें असा. पण आई धाकट्याला सोडीत नाहीं, आणि ज्याच्या गालावर व्रण आहे तो तेरा वर्षांचा याकूबच एकटा परदेशीं धाडला जातो. पांच वर्षांनीं तो परत येतो, पण घरांत तो परत आला असें म्हणतां येत नाहीं. पुढें सूड, मारहाण, तुरुंग. अखेर राहतें घर एका हिंदी व्यापाऱ्याच्या हातीं जातें आणि तेथें परदेशी मालाचें दुकान थाटलें जातें. मरणाच्या दारांतली आई एकच गोष्ट विचारते, कीं आपल्या मुलांचा समेट झाला काय. आणि उत्तर देण्यास कोणी पुढें होत नाहीं.

जन्मभर एकत्र काम केलेल्या जुळ्या भावांनीं जन्मभर वैर केलेल्या जुळ्या भावांची ही कथा चित्रांत आणावी, यांत योगायोगापेक्षां कांहीं अधिक आहे. एकच चेहरा, एकच घर, एकच जन्मवेळ. आणि तरीहि एका जोडीचा शेवट उध्वस्त घरांत झाला. त्यांचें पुस्तक २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. तें केवळ काळ्या-पांढऱ्यांत आहे, कारण गाब्रिएलच्या दाट काळ्या छाया या कथेस हव्या होत्या. दोन्ही भावांचा चेहरा एकच असल्यामुळें चित्रकारापुढें अडचण होती, ती गालावरच्या व्रणानें सोडविली: वाचक याकूबला ओळखतो तो त्याच्या जखमेवरून. कादंबरींत जें पानेंच्या पानें सांगावें लागतें तें येथें गालावरच्या एका रेषेनें होतें. २०१६ सालीं दुसऱ्या माध्यमांतून केलेल्या उत्कृष्ट रूपांतराचें आइस्नर पारितोषिक या पुस्तकास मिळालें.

हातूमच्या कादंबरींतले भाऊ कशानें बिघडले, याचा विचार केला तर पैशापाशीं किंवा मुलीपाशीं थांबून चालत नाहीं. त्या घरांत दोघां मुलांची सतत तुलना होत होती. एकाला जवळ घेणें म्हणजे दुसऱ्याला दूर लोटणें, असा तेथला नियमच होऊन बसला होता. फाबियो आणि गाब्रिएल यांनीं आपल्या कामांत नेमकें हेंच टाळलें. स्वतंत्र नांवें, स्वतंत्र रेषा, स्वतंत्र कामें त्यांनीं राखलीं. एकाला परक्या लेखकाबरोबर काम करावेसें वाटलें तेव्हां दुसऱ्यानें त्यांत दगा पाहिला नाहीं. आणि दूर जाऊन मिळविलेलें कसब प्रत्येकानें परत आणून सामायिक पानावर ओतलें. एकत्र राहण्यासाठीं एकसारखें व्हावें लागत नाहीं, हें त्यांनीं अनुभवानें जाणलेलें दिसतें.

आपल्या शहरांतील कित्येक घरांत आजहि दोन भावंडें जमिनीवर पालथीं पडून चित्रें काढीत असतात. पाहुणे आले म्हणजे दोघांचीं चित्रें शेजारीं शेजारीं ठेवून कोणाचें चांगलें असें विचारण्याची वडील माणसांस हौस असते. त्या प्रश्नाचें उत्तर कोणतेंहि आलें तरी एक मूल पेन्सिल खालीं ठेवतें. तेव्हां दोघांच्या वह्या निराळ्या असाव्या, दोघांस आपापल्या चित्राखालीं आपलें नांव घालूं द्यावें, आणि बसावयास मेज मात्र एकच द्यावें. पुढें त्यांतून चित्रकार निघतील किंवा निघणार नाहींत. भाऊ मात्र भाऊ राहतील.